बारा लाखांची बीएमडब्ल्यू आणि तिच्यामागचा खर्च

नव्या मध्यम गाडीच्या किमतीत दहा-बारा वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू मिळते, ही गोष्ट आता कोणाला नवी राहिलेली नाही. मुंबई-पुण्यापासून भिवंडी, मालेगाव, कोल्हापूरपर्यंत जुन्या गाड्यांच्या दलालांकडे एखादी तरी अशी गाडी धुऊन-पुसून उभी असते. आपले बरेच व्यापारी बंधू व्याजाचे कर्ज नको म्हणून गाडी रोखीने घेतात. ते योग्यच आहे. परंतु रोखीने घेताना हातातली सारी रक्कम गाडीच्या किमतीतच जाते आणि दुरुस्तीसाठी काही उरत नाही. पहिले मोठे काम निघाले की मग दुकानाच्या गल्ल्यात हात घालावा लागतो आणि मालाचे पैसे गॅरेजवाल्याकडे जातात. हा प्रसंग टाळता यावा म्हणून आज आम्ही एकच गाडी समोर ठेवून तिची दुखणी आणि त्यांचा खर्च सांगणार आहोत.

ही गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची ५ सिरीज, ५३०-डी. २०१० ते २०१७ या काळात आपल्याकडे विकली गेलेली तिची पिढी कंपनीच्या भाषेत एफ-१० म्हणून ओळखली जाते. चेन्नईजवळच्या कारखान्यात, जो २००७ मध्ये सुरू झाला, तिची जुळणी होत असे. सहा सिलिंडरचे, सुमारे तीन लिटरचे डिझेल इंजिन, सुरुवातीला २४५ व पुढे २५८ अश्वशक्ती आणि आठ गियरचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. एवढी मोठी गाडी उभ्या जागेवरून सहा सेकंदांच्या आसपास ताशी १०० किलोमीटरला पोहोचते आणि तरीही डिझेल बेताने पिते. म्हणूनच शौकिनांचे मन तिच्यावर जाते. ५२०-डी ही तिची चार सिलिंडरची बहीण. पुढे सांगितलेले बरेचसे तिलाही लागू आहे.

आधी हिशेबाचे मूळ समजून घेऊ. नवी असताना ही गाडी पन्नास लाखांच्या आसपास होती. आज ती दहा ते पंधरा लाखांत मिळते. गाडीची किंमत पडली, पण तिच्या सुट्या भागांची किंमत पडली नाही. स्टिअरिंगचा रॅक, टर्बो, इंजेक्टर हे सारे अजूनही पन्नास लाखांच्या गाडीचेच भाग आहेत, त्यातले बहुतेक परदेशातून येतात आणि त्यांचा भाव युरोच्या भावाबरोबर चढतो. बारा लाखांच्या नव्या गाडीचा खर्च मनात धरून जो ही गाडी घेतो, त्याचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकतो. एवढे मात्र खरे की २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे थोडी सवलत मिळाली आहे.

खाली दिलेले आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजातले आणि ढोबळ आहेत. गाव, भागाची जात व कारागीर यांप्रमाणे ते कमी-जास्त होतील. अधिकृत वर्कशॉपमध्ये दीडपट ते दुप्पट धरून चालावे.

इंजिनाच्या पाठीमागची चेन

या इंजिनाचे सर्वांत महागडे दुखणे म्हणजे टायमिंग चेन. क्रँकशाफ्टची फिरकी वरच्या कॅमशाफ्टपर्यंत आणि डिझेलच्या उच्चदाब पंपापर्यंत ही चेन पोहोचवते. याआधीच्या पिढीत ती इंजिनाच्या पुढच्या बाजूला होती. या इंजिनात, ज्याला कंपनी एन-५७ म्हणते, ती मागच्या बाजूला म्हणजे गियरबॉक्सच्या अंगाला आहे. त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांचा प्लास्टिकचा तुकडा झिजला असला तरी तिथे हात पोहोचण्यासाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो, आणि पुष्कळ कारागीर सोयीसाठी इंजिनच बाहेर काढतात. भागांपेक्षा मजुरी जास्त होते ती यामुळे.

चेन स्वतः सहसा एकदम तुटत नाही. तिला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात, ताण देणारा टेन्शनर सैल पडतो, चेन किंचित लांबते आणि मग खडखडते. इंजिन थंड असताना सुरू केले की बोनेटच्या मागच्या बाजूने, केबिनच्या भिंतीजवळून, धातू घासल्यासारखा आवाज येतो. इंजिन गरम झाल्यावर तो दबतो. म्हणूनच दलाल गाडी दाखवण्याआधी ती फिरवून आणतो. गाडी पाहायला जाताना आधी फोन करून सांगावे की इंजिन थंड हवे. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवावा आणि ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. या एका गोष्टीवर दीड-दोन लाखांचा फरक पडतो.

चेन उडी मारून दात चुकली किंवा तुटली तर पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि मग चेनचे काम न राहता पुरे इंजिनच उघडावे लागते. वेळेवर केलेले चेनचे काम साधारण दीड ते अडीच लाखांत होते. इंजिन गेले तर चार-पाच लाखही पुरत नाहीत आणि ती रक्कम गाडीच्या उरलेल्या किमतीच्या निम्म्याला जाऊन भिडते. चार सिलिंडरच्या ५२०-डी मध्ये ही तक्रार अधिक आढळली, विशेषतः २०११ च्या आधी बनलेल्या गाड्यांत.

पट्ट्या लवकर का झिजतात? एक मोठे कारण तेल. गाडीचा संगणक पंचवीस-तीस हजार किलोमीटरपर्यंत तेल चालेल असे दाखवतो. आपल्याकडची धूळ, उष्णता आणि सिग्नलवर तासन्‌तास चालू राहणारे इंजिन यांत ते तेल तोवर काळ्या डांबरासारखे होते. आमचे मत असे की दहा हजारांपुढे जाऊच नये. इंजिनात साडेसहा ते सात लिटर तेल बसते आणि फिल्टर धरून हा खर्च बारा ते अठरा हजारांचा आहे. चेनच्या तुलनेत हे काहीच नाही.

चेन उघडलीच तर गियरबॉक्स बाहेर असतानाच क्रँकशाफ्टचे मागचे सीलही नवे बसवून घ्यावे. नाहीतर सहा महिन्यांनी दोन हजारांच्या सीलसाठी तेवढीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. अंशांच्या मापाने ताणून कसायचे बोल्ट दुसऱ्यांदा वापरू नयेत. आणि टायमिंग अडकवून धरणारी खास हत्यारे ज्या गॅरेजात नाहीत, तिथे हे काम देऊच नये, मग उस्ताद कितीही जुना असो.

दुसरे दुखणे ईजीआर कूलरचे. सायलेन्सरकडे जाणारा धूर थोडा परत इंजिनात घेताना तो थंड करणारा हा भाग आहे. तो आतून चिरला की कूलंटचे पाणी धुरात मिसळते, काजळीबरोबर त्याचा चिकट थर बसतो आणि अती उष्णतेत तो पेटू शकतो. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या अनेक डिझेल गाड्यांना अशी आग लागली, त्यांत ५२०-डी जास्त होत्या. कंपनीला तिथे लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि पुढे युरोप व इतर देशांतही ही मोहीम वाढली. घेताना अधिकृत वर्कशॉपला चेसिस नंबर देऊन या गाडीचे असे काही काम बाकी आहे का, हे विचारावे. पुढे वापरताना कूलंट कमी होते पण जमिनीवर गळती दिसत नाही, असे झाले तर गाडी चालवत राहू नये. कूलर बदलण्यास चाळीस ते सत्तर हजार लागतात.

इंजेक्टर सहा आहेत आणि ते पिएझो जातीचे आहेत. आपल्याकडच्या पंप-नोझलच्या दुकानांत जुन्या पद्धतीचे इंजेक्टर सहज दुरुस्त होतात, पिएझोचे मात्र बहुधा बदलावेच लागतात. एकाचे तीस ते पन्नास हजार. भेसळीचे डिझेल यांना सर्वांत आधी मारते. टर्बो दीड लाखाच्या पुढे. क्रँकशाफ्टच्या पुढची रबरी पुली चिरली की पट्टा उडतो, तिला तीस ते पन्नास हजार. इंजिनाखालचे दोन माउंट बसले की गाडी उभी असताना थरथरते, दोन्ही मिळून तीसेक हजार. थर्मोस्टॅट उघडाच राहिला तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि डिझेल जास्त जाते. हे काम किरकोळ आहे, पण लोक ते वर्षानुवर्षे तसेच ठेवतात.

‘आयुष्यभराचे’ तेल

गियरबॉक्स जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आहे आणि तो खरोखर चांगला आहे. त्याच्याविषयी एक गैरसमज मात्र फार पसरला आहे. याचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे विकणाऱ्यापासून काही वर्कशॉपपर्यंत सगळे सांगतात. कोणाचे आयुष्य, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या झेडएफने तो बनवला तीच कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याचा सल्ला देते. त्यातला फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून पॅन पुरा बदलावा लागतो. तेल भरताना त्याचे तापमान स्कॅनरवर पाहत पातळी घ्यावी लागते. अंदाजाने भरलेले तेल कमी पडले तर चांगला गियरबॉक्स खराब होतो.

खर्च पंचेचाळीस ते सत्तर हजार. गियर पी वरून डी वर टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग धक्का देते, किंवा सिग्नलला थांबता थांबता मागून कोणी ढकलल्यासारखे वाटते, तेव्हा तेलाची वेळ टळून गेली आहे असे समजावे. अशी गाडी तेल बदलून सुधारेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. संपूर्ण गियरबॉक्सचा खर्च काही लाखांचा आहे.

रस्ते, पाणी आणि वीज

गाडी जर्मनीच्या रस्त्यांसाठी बनली आहे आणि चालते ती आपल्या खड्ड्यांत. पुढच्या चाकांना धरणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दांड्यांचे बुश फाटतात, मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते आणि टायर आतल्या बाजूने खाल्ले जातात. पुढचा-मागचा चांगला संच बसवण्यास सत्तर-ऐंशी हजार जातात. टायर पंक्चर होऊनही चालणारे, म्हणजे कडक बाजूचे असतात. एकाचे वीस हजारांच्या आसपास. स्टिअरिंग विजेवर चालते. त्याचा रॅक बिघडला तर पुराच बदलावा लागतो आणि नवा दोन लाखांच्या घरात जातो.

बॅटरी डिक्कीत असते. ती वीस ते पंचवीस हजारांची आहेच, शिवाय नवी बसवल्यावर स्कॅनरने गाडीच्या संगणकाला तसे कळवावे लागते. ते न केल्यास संगणक तिला जुनीच समजून चार्ज करतो आणि बॅटरी लवकर मरते. रस्त्यावरचा बॅटरीवाला हे सांगत नाही.

आता पाण्याविषयी. ही गाडी जमिनीला लागून चालते. गुडघाभर पाण्यात ती घातली तर हवेच्या वाटेने पाणी इंजिनात जाते, पिस्टन दाबता न येणाऱ्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर, तसेच २०१५ व २०२३ च्या डिसेंबरातील चेन्नईच्या पुरांनंतर बुडालेल्या असंख्य गाड्या विमा कंपन्यांकडून लिलावात गेल्या. अशा गाड्या स्वच्छ होऊन दूरच्या शहरांत विकल्या जातात. पाहताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, आत चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांचे स्क्रू गंजलेले आहेत का आणि डिक्कीच्या गालिच्याखाली कुबट वास येतो का, हे पाहावे. पाण्यात बुडालेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण तिच्या वायरिंगचा रोग वर्षभर लपून मग निघतो.

एकूण किती?

समजा गाडी १२ लाखांना घेतली आणि ती ठीक निघाली, म्हणजे चेन शांत आहे आणि टर्बो-इंजेक्टर चांगले आहेत. तरीही पहिल्या वर्षात चार टायरचे ८८ हजार, बुश व दांड्यांचे ८० हजार, पुढच्या-मागच्या ब्रेकचे ६० हजार, गियरबॉक्सच्या तेलाचे ५५ हजार, इंजिनाच्या दोन सर्व्हिसचे ३० हजार आणि बॅटरीचे २५ हजार धरावेत. बेरीज होते ३ लाख ३८ हजार. यातले एखाद-दुसरे काम आधीच्या मालकाने केलेले असेल तर तेवढे कमी, पण त्याचे बिल पाहिल्याखेरीज कमी धरू नये. यात चेनचे पावणेदोन लाख मिळवले तर आकडा ५ लाख १३ हजारांवर जातो. यात विमा नाही आणि डिझेलही नाही.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. ज्याच्याकडे गाडीसाठी १२ लाख आहेत त्याने ९ लाखांची गाडी पाहावी आणि ३ लाख बाजूला ठेवावेत. ९ लाखांत बरी ५३०-डी मिळत नसेल, तर ही गाडी त्याच्या ऐपतीतली नाही. आणि ज्याचा धंदा गाडीवरच अवलंबून आहे, सुरतेहून माल आणायचा आहे, तगाद्याला गावोगाव जायचे आहे, त्याने ही गाडी एकमेव गाडी म्हणून तर मुळीच घेऊ नये. एखादा भाग बाहेरून यायचा असेल तर ती पंधरा-वीस दिवस सहज उभी राहते.

घेण्याआधी पाहणीला पाच ते दहा हजार खर्च करावेत. स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचावेत. किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, चावीत आणि इतर मॉड्यूलमध्येही त्याची नोंद राहते. मीटर मागे फिरवणारा त्या सगळ्या जागा बदलतोच असे नाही. शक्य असेल तर चेसिस नंबरवरून वर्कशॉपमधला जुना इतिहास काढावा.

सुट्या भागांत पैसे वाचवण्याची हलाल वाटही आहे. बीएमडब्ल्यूच्या खोक्यात येणारा भाग पुष्कळदा बीएमडब्ल्यूने बनवलेलाच नसतो. सस्पेन्शनचे भाग लेम्फोर्डरचे, इंजेक्टर बॉशचे, फिल्टर मान किंवा माहलेचे असतात. तोच भाग बनवणाऱ्याच्या खोक्यात घेतला तर पुष्कळ स्वस्त पडतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात कापलेल्या गाड्यांचा माल मिळतो. दरवाजे, दिवे, सीट, चाके तिथून खुशाल घ्यावीत. स्टिअरिंगचा रॅक किंवा गियरबॉक्स घेताना मात्र तो दुसऱ्या गाडीच्या नंबराशी बांधलेला असतो हे ध्यानात ठेवावे. कोडिंग करून देण्याची हमी विकणाऱ्याकडून लिहून घ्यावी, तोंडी शब्दावर तिथे कोणी थांबत नाही.

या धंद्यात हात असलेल्या आपल्या तरुण कारागिरांसाठीही इथे जागा आहे. या गाड्या वयाने वाढत आहेत, अधिकृत वर्कशॉप महाग पडते आणि चेनचे काम स्वच्छ करणारे हात थोडे आहेत. कंपनीच्या आयस्टा प्रणालीवर रोगनिदान करता येणे, टायमिंगची हत्यारे आणि संगणकावरची सर्किट आकृती वाचता येणे, एवढी तयारी ज्याची आहे त्याला काम शोधत जावे लागत नाही. पान्याइतकेच वाचन लागते, ही गोष्ट उस्तादांनी शागिर्दांना पहिल्या वर्षीच सांगावी.

विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गाडी दाखवण्याआधी स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसून टाकण्याची रीत बाजारात आहे. दिवा विझतो, गिऱ्हाईक खुश होते, आणि तीन-चारशे किलोमीटरांनंतर दिवा पुन्हा लागतो. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढल्याचा प्रेषितांचा (स.) प्रसंग आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. पुसलेला कोड म्हणजे तोच ओला थर होय. फिकहमध्ये विक्रीपूर्वीचा लपलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा जो हक्क आहे, खियारे-ऐब, तो गाडीलाही लागू पडतो. चेनचा आवाज आहे, तेल गळते, असे बिलावर लिहून पन्नास हजार कमी घेतले तर तंटाही राहत नाही आणि कमाईही साफ राहते. विक्रीसाठी घेऊन ठेवलेल्या गाड्यांवर जकात आहे, स्वतःच्या वापराच्या गाडीवर नाही, हेही दलाली करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जुन्या गाडीवर कर भरायचा तो फक्त खरेदी व विक्रीतल्या फरकावर. एवढ्या मोठ्या डिझेल गाडीला तो २०१८ पासून १८ टक्के आहे. तोट्यात विकली तर कर नाही. गाडी फर्मच्या नावावर असून तिच्यावर घसारा घेतला असेल, तर फरक घसारा वजा जाता उरलेल्या किमतीवरून मोजतात.

विम्यातही एक पेच आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की ती पूर्ण नुकसान धरली जाते. या गाडीच्या दोन-चार एअरबॅग फुटल्या आणि पुढचा भाग गेला की तो आकडा चटकन गाठला जातो. म्हणून हप्ता वाचवण्यासाठी विमा किंमत कमी लावून घेऊ नये.

दिल्लीच्या नंबराची गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने घातलेली व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेली बंदी मालकांच्या डोक्यावर राहिली आहे. २०२५ मध्ये न्यायालयाने तिच्या कारवाईत काही ढील दिली, तरी मालक धास्तावलेलेच आहेत. अशी गाडी आणताना तिथल्या आरटीओची एनओसी, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि बाकी चलने आधी पाहावीत. इथे पुन्हा रस्ता-कर भरावा लागतो आणि तो तुमच्या खरेदीवर न धरता मूळ किमतीवरून, वयानुसार घट धरून, काढला जातो. शिवाय २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते आणि तिला पुन्हा तपासणी व नोंदणीला न्यावे लागते. हा सगळा आकडा आरटीओत विचारून कागदावर मांडावा, आणि एनओसी हाती येईपर्यंत बयाण्यापलीकडे एक रुपयाही देऊ नये.